दोन्ही नाड्यांना गाठ होती

मी माझ्या सोबत्याला फसवले. हे वाक्य तोंडातून निघायला मला एकोणीस वर्षे लागली आणि कागदावर उतरायला आणखी चार. शत्रूला फसवले असते तर त्याला डावपेच म्हणता आले असते. हा माणूस माझ्याच पलटणीतला, माझ्याच जिल्ह्यातला आणि माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवणारा होता. फसवण्यासाठी मला बुटाच्या दोन नाड्या पुरल्या.

पासष्टच्या लढाईला दोन वर्षे झाली होती. आमची पलटण उत्तरेकडच्या एका उंच चौकीवर होती. मी सिग्नल प्लाटूनमध्ये लान्स नायक होतो आणि लाइनमनचे काम करत असे. चौकीपासून खालच्या ठाण्यापर्यंत टेलिफोनची तार टाकलेली होती. ती बर्फाखाली वारंवार तुटे. तुटली की जाऊन जोडायची, एवढेच काम. चौकीवर लाइनमन दोघे होतो. दुसरा सिपाही दशरथ. तो कुहीजवळच्या एका खेड्यातला, धानाच्या शेतीत वाढलेला, खांद्याने रुंद आणि बोलण्यात मोकळा. मी नागपूरचा, विणकराच्या घरातला. माझे नाव नथ्थू. तो मला नथ्थ्या म्हणे.

माझ्या हाताला एक सवय होती, तिच्याविषयी आधी सांगितले पाहिजे. आमच्या घरी हातमाग होता. मागावर धागा तुटला की वडील माग थांबवत आणि तुटलेली टोके शोधून मी ती सांधत असे. गाठ इतकी बारीक बसली पाहिजे की लुगड्यावर बोट फिरवले तरी लागू नये. ते करता करता बोटांना न पाहता गाठ मारण्याची आणि न पाहता ती सोडवण्याची कला आली. फौजेत आल्यावर तिचा खेळ झाला. आगपेटीच्या काड्या, हातरुमाल, मगाचा कान, बुटाची नाडी, जे हाताशी असेल त्यावर मी खेळ करी. घट्ट मारलेली गाठ फुंकर घातली की नाहीशी व्हायची. एकाच्या मुठीत ठेवलेली काडी दुसऱ्याच्या टोपीत सापडायची. चौकीवर सिनेमा नव्हता आणि टपाल पंधरा दिवसांनी येई. जेवणानंतर जवान मला बोलावून नेत.

दशरथ माझे कायमचे गिऱ्हाईक. खेळाला कोणीतरी पुढे यावे लागते, आणि तो नेहमी पुढे येई.

"पाह्यजा बे, माह्या गाववाल्याचा हात पाह्यजा," तो सगळ्यांना सांगे. मग माझ्याकडे वळून, "हातात जादू आहे गा तुह्या, पण तोंड खिसेकापूचं आहे."

गाठ सोडवण्याची युक्ती शिकण्याचा त्याने पुष्कळ प्रयत्न केला. त्याची बोटे जाड. गाठ अशी आवळून बसे की शेवटी चाकूने नाडी कापावी लागे.

"रोवणी करणारे हात आहेत हे," तो म्हणायचा. "चिखलात रोप खोचतो मी. तुह्यासारखे मुंगीच्या कमरेले गाठ मारनारे नाही."

त्या हिवाळ्यात घरून पत्र आले की त्याला मुलगी झाली आहे. पत्र त्याने मला चार वेळा वाचायला लावले. बायकोचे नाव शेवंता. त्यांच्या लग्नाला दीड वर्ष झाले होते. मुलीचे नाव काय ठेवायचे यावर त्याने चौकीत मते मागितली आणि कोणाचेही मत न घेता कुसुम ठरवले.

आमच्या पलटणीत एक रीत होती. एकाच कामाला दोन सारखे जवान असले आणि एकच जायचा असला तर हवालदार नाव घेत नसे. दोघांवर सोडत असे. दोघे चिठ्ठी काढत. कागद नसला तर काडी, काडी नसली तर बुटाची नाडी. एकाने दोन नाड्या मुठीत धरायच्या, एकीला गाठ, आणि दुसऱ्याने ओढायची. गाठ ओढणाऱ्याच्या हाती आली तर तो जाणार, नाही तर मूठ धरणारा जाणार. निकालावर कोणी बोलत नसे. माझ्या नोकरीत मी ही रीत मोडलेली एकदाच पाहिली. ती मीच मोडली.

आदल्या दोन दिवसांत बर्फ सतत पडला होता. आदल्या दिवशी आम्ही दोघेही लाइनवर गेलो होतो आणि गुडघ्यापर्यंत भिजून परतलो होतो. त्या दिवशी सकाळी आभाळ मोकळे झाले. ऊन चांगले पडले. साडेआठला खालच्या ठाण्याशी लाइन बंद पडली. नऊला हवालदारसाहेब आमच्या बंकरमध्ये आले. ते हिमाचलचे होते, कमी बोलत.

"गश्त पार्टी जा रही है. एक लाइनमन साथ जाएगा. दूसरा एक्सचेंज पर बैठेगा. पाँच मिनट में बताओ."

ते गेले. माझे बूट बुखारीजवळ, म्हणजे बंकरातल्या शेगडीजवळ होते, नाड्या काढून वर वाळत टाकलेल्या. मोजे नुकतेच वाळले होते. दशरथने त्याचे मोजे रात्रभर कोटाच्या आत पोटाशी धरून वाळवले होते. म्हणजे आम्ही दोघे अगदी सारखे होतो.

मला त्या उताराची भीती वाटत होती, असे मी पुढे बरीच वर्षे स्वतःला सांगितले. भीतीमुळे माणूस चुकतो हे सांगायला सोपे असते. खरे असे की मला भीती वाटली नव्हती. ऊन होते, रस्ता ओळखीचा होता, तीन तासांचे काम होते. मला कोरडे मोजे पुन्हा ओले करायचे नव्हते. कारण एवढेच होते. त्याहून मोठे कारण शोधून मी दमलो आणि ते मला कधी सापडले नाही.

मी वाळत टाकलेल्या नाड्या उचलल्या, पाठ फिरवून गाठ मारली आणि मूठ त्याच्यासमोर धरली. दोन टोके खाली लोंबत होती.

दशरथने हात पुढे केला आणि थांबला.

"खरी चिठ्ठी आहे नं गा? जादू तर करून नाही राहिला?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने डावीकडची ओढली. गाठ बाहेर आली. मी मूठ उघडली. दुसरी नाडी सरळ होती.

गाठ दोन्ही नाड्यांना होती. आपण बुटाला जे फूल बांधतो तसली, मोकळे टोक ओढले की सुटणारी. लोंबणाऱ्या बाजूने ओढली तर ती आवळत जाते. त्याने कोणतीही नाडी ओढली असती तरी गाठच आली असती. उरलेली मी मूठ उघडता उघडता अंगठ्याने सोडवली. हा खेळ त्याने वीस वेळा पाहिला होता आणि वीस वेळा हसला होता.

"चाल," तो म्हणाला, "माह्या हाताले गाठच आवडते."

नऊ वीसला गस्तीची तुकडी निघाली. पुढे एक नायक, दोन रायफलमन आणि तारेचे भेंडोळे घेतलेला दशरथ. मी एक्सचेंजवर बसलो. सव्वादहाला वायरलेसवर नायकाचा आवाज आला. उतार ओलांडतो आहोत, सब ठीक, ओव्हर. अकराला टेलिफोनची घंटा वाजली. तुटलेली जागा सापडली होती आणि जोड झाला होता.

"हॅलो, टेस्टिंग. ऐकू येऊन राहिलं का गा?"

"येते. लाइन ओके."

"मंग चहा ठेव. येतोच."

मी रिसीव्हर ठेवला आणि बुखारीवर पाणी चढवले. अकरा पाचला आवाज झाला. बर्फ सुटल्याचा आवाज ज्याने ऐकला आहे त्याला सांगावे लागत नाही, आणि ज्याने ऐकला नाही त्याला सांगता येत नाही. मी टेलिफोन उचलला. लाइन बंद होती. वायरलेसवर नायकाने दोनदा आमचे नाव घेतले. मग म्हणाला, "तीन आदमी बाहर हैं. लाइनमन नहीं दिख रहा."

आम्ही सगळे फावडी आणि बांबू घेऊन उतरलो. मी त्या दिवशी त्याच उतारावर गेलो आणि तेच मोजे भिजले. दुपारी दीड वाजता बांबू मऊ जागी लागला. दशरथ कुशीवर होता. तारेचे टोक त्याच्या मनगटाभोवती होते आणि त्याने केलेला जोड तसाच टिकला होता.

चौकशी झाली. मला एकच प्रश्न विचारला गेला, लाइनवर शेवटचे बोलणे काय झाले. मी ते शब्दशः सांगितले. चिठ्ठीचे कोणी विचारले नाही, कारण चिठ्ठी हा दोघांतला मामला मानला जाई. मी स्वतःहून सांगितले नाही. खरी चिठ्ठी काढली असती तरी अर्ध्या शक्यतेने तोच गेला असता, हा हिशेब मी त्याच दिवशी मांडला आणि पुढे कित्येकदा मांडला. तो मला कधीच पुरला नाही. त्याने विचारले होते आणि मी नाही म्हटले होते.

पलटणीचे पत्र त्याच्या घरी इंग्रजीतून जाणार होते. म्हणून मराठीतून मी एक वेगळे पत्र लिहिले. त्यात मी असे लिहिले: एकालाच जायचे होते, दोघांत चिठ्ठी टाकली, ती दशरथच्या नावाची निघाली, देवाची मर्जी. हे वाक्य लिहिण्याची काही गरज नव्हती. मला वाटते, ते मी माझ्यासाठी लिहिले.

पुढच्या रजेत मी कुहीच्या पुढे त्यांच्या गावी गेलो. मला पाटावर बसवले. दशरथची आई, म्हातारी बयाबाई, माझ्यासमोर बसली. शेवंता मुलीला घेऊन स्वयंपाकघराच्या दाराआड होती.

"तुमचं पत्र मास्तरनं वाचून दावलं," म्हातारी म्हणाली. "दोघं होते. देवानं आमचाच उचलला. काहून उचलला सांगू? ज्या साली हे घरात आली त्या साली बैल गेला, दुसऱ्या साली पोरगा गेला. पाय पाहून सून आनाव, आमी रूप पाहून आनली."

दार हलले नाही. मी चहा प्यालो.

त्या क्षणी बोललो असतो तर ती अडीच वर्षे जुनी सून एका आरोपातून सुटली असती. मी बोललो नाही. नंतर जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा कळत गेले की माझ्या पत्रातल्या एका ओळीवर त्या घराचा सारा कारभार चालतो. धानाची रास घरात येईपर्यंत शेवंताला खळ्यावर येऊ देत नसत. पेरणीच्या सकाळी तिला बाहेर निघायची बंदी. कोणी प्रवासाला निघाले की तिने मागच्या अंगणात जायचे. ती सांगितलेले करी. रोवणीला मात्र तिलाच आधी बोलावत, कारण तिच्याइतका वेगाने हात दुसऱ्या कोणाचा चालत नसे.

मी पेन्शन घेतले, नागपूरला परतलो आणि लकडगंजमधल्या एका लाकडाच्या वखारीत देखरेखीला लागलो. वर्षातून एकदा तरी गावी जात असे. लोक म्हणत, नथ्थूजीसारखा दोस्त नाही. दशरथने घरी लिहिलेल्या पत्रांतून माझ्या खेळांची कीर्ती आधीच पोहोचली होती. कुसुम हट्ट करी आणि मी अंगणात बसून रुमालातली गाठ नाहीशी करून दाखवी. ती टाळ्या पिटायची. नाडीचा खेळ मी तिथे कधी केला नाही. एवढे तरी पाळले, असे मला तेव्हा वाटत असे. आज त्या समाधानाचीही लाज वाटते.

कुसुम एकोणीस वर्षांची झाली तेव्हा तिचे लग्न उमरेडला ठरले. मी हळदीच्या दिवशी सकाळी आठ वाजता पोहोचलो. मांडव भरला होता. बायका जोरात होत्या.

"आले पाहा जादूवाले! नथ्थूजी, जावयाचे जोडे तुमीच गायब करा बरं!"

"अन् जावईच गायब झाला तर?"

"तं नथ्थूजीलेच बसवू बोहल्यावर!"

सगळे हसले. मीही हसलो. कुसुमला पाटावर बसवले होते. हळदीची वाटी बयाबाईच्या हातात होती. म्हातारी आता वाकली होती, पण आवाज तोच होता. ती सुवासिनींना एकेक करून पुढे बोलवू लागली. शेवंता मांडवाच्या खांबामागे उभी होती, नव्या लुगड्यात.

कुसुम म्हणाली, "पयले माय लावन."

"तुही माय मागं राहीन," म्हातारी म्हणाली.

"मंग मले हळद नाही लागत."

"काहून नाही लागत वं? इधवेचा हात लागते का हळदीले?"

"इधवा दुसऱ्याइच्या घरीबी आहेत. त्या तं खळ्यावर जातात, बाजारात जातात. माह्याच मायले काहून लपवता?"

दशरथचा मोठा भाऊ महादेव मध्ये पडला, पण म्हातारीने त्याला हाताने थांबवले.

"आज इचारलं तं आयक. दोघं होते तिथं. एक मराचा होता. चिठ्ठी तुह्या बापाची निघाली. कोनाच्या पायगुनानं निघाली? मी नाही सांगत. हे बसले नथ्थूजी, चिठ्ठीच्या वक्ती हजर होते. इचार त्याइले. सांगा गा नथ्थूजी, निघाली का नाही त्याच्याच नावाची?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. शेवंताने मात्र पाहिले नाही. ती खाली पाहत होती, उत्तर माहीत असल्यासारखी.

मी "हो" म्हटले असते तर ते शब्दाने खरे झाले असते. मी उठलो. खाली वाकून उजव्या बुटाची नाडी काढली, मग डाव्याची. लोकांना वाटले खेळ आहे. कोणी तरी पोरांना पुढे बोलावले. मी पाठ फिरवून गाठी मारल्या आणि मूठ म्हातारीसमोर धरली.

"मायबाई, गाठीवाली ज्याच्या हाती येईन थो जाईन. ओढा."

"हे काय खेळाची येळ आहे?"

"ओढा."

तिने वाटी खाली ठेवून एक ओढली. गाठ आली. मी मूठ उघडली, दुसरी नाडी सरळ होती.

"पुन्यांदा ओढा. आता दुसऱ्या बाजूची."

गाठ आली. तिसऱ्यांदा तिने बराच वेळ टोके चाचपली, मग ओढली. गाठ आली. चौथ्यांदा मी मूठ बंद धरली नाही. उघड्या हातावर दोन्ही नाड्या दाखवल्या. दोन्हींना गाठ होती. त्यातली एक मी सर्वांदेखत अंगठ्याने सोडवली.

"अशी निघाली दशरथची चिठ्ठी," मी म्हणालो. "मले जाचं नव्हतं. माहे मोजे वाळले होते."

म्हातारी माझ्या हातावरच्या नाड्यांकडे पाहत राहिली. मग तिने तोंड घराच्या भिंतीकडे केले. तिने सुनेला बोलावले नाही. पण कुसुम उठली, खांबापर्यंत गेली आणि आईचा हात धरून तिला पाटाकडे घेऊन आली. वाटी जमिनीवरच होती. ती कोणी उचलून घेतली नाही. शेवंताने दोन बोटे हळदीत बुडवली आणि मुलीच्या गालाला लावली. मला तेवढेच दिसले, कारण महादेव माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"एकोनीस वर्सं आमच्या घरी जेवले तुमी," तो म्हणाला. "माह्या मायच्या हातचं जेवले. निघा इथून."

मी मांडवाबाहेर आलो. बाहेर बैलगाडी उभी होती, तिच्या जुवाचा आधार घेऊन नाड्या पुन्हा बुटात ओवू लागलो. भोक सापडत नव्हते. पावले वाजली म्हणून वर पाहिले, तर शेवंता समोर उभी होती. तिची बोटे पिवळी होती. इतक्या वर्षांत ती माझ्याशी समोरासमोर कधी बोलली नव्हती.

"त्याइनं काही इचारलं नाही का तुमाले?" तिने विचारले. "ओढाच्या आंधी?"

"इचारलं. जादू तं नाही नं, म्हून."

"मंग?"

"मी नाही म्हटलं."

ती रडली नाही.

"अन् पयल्या डाव घरी आले, तवा मी दाराआड होती. बुढी काय बोलून राहिली थे तुमी आयकलं होतं नं?"

"आयकलं होतं."

"तवाच काहून नाही सांगतलं?"

भीती, लाज, सवय, हे शब्द माझ्या मनात येऊन गेले आणि त्यातला एकही तिच्यासमोर उच्चारण्याच्या लायकीचा नव्हता. मी बुटावरून हात काढले, सरळ उभा राहिलो आणि जे बोललो ते मांडवातही ऐकू जावे एवढ्या आवाजात बोललो.

"शेवंताबाई, दशरथले मी फसवलं. त्याच्या मांगं तुमाले फसवत राहिलो, माह्यापाई तुमच्यावर आळ आला हे कानानं आयकून चहा पेत बसलो. चूक माही आहे, सारी माही आहे. तुमाले माफी मागतो. दशरथलेबी मागतो, पन त्याच्याजवळ जाऊन सांगाले आता जागा नाही, म्हून त्याचीबी तुमच्यापाशीच मागतो."